कोमलनं काढलेला नकाशा

८ जानेवारी, बुधवार

पुसेगावकडच्या केंद्रशाळेत प्रशिक्षण. चाळीस शिक्षक. विषय नेहमीचा: परिसरातले प्राणी मुलांना कसे शिकवायचे. बॅनर साडेअकराला आला. त्यावर सिंह. हिंगोली जिल्ह्यात सिंह. फोटोच्या वेळी एक उंच गुरुजी बरोबर सिंहासमोर उभे केले, झाकला गेला.

मागच्या बाकावर कुजबुज.
"दोनला सोडतील का हे?"
"दीडला जेवण हाय. मग आपणच सुटू."
माझे कान तिखट आहेत हे त्यांना ठाऊक नसतं. ऐकू आलं तरी आलं असं दाखवायचं नाही, हे अकरा वर्षांत शिकलो.

एक जुने गुरुजी उठले. "सर, आधार झालं, खिचडी झाली, गणवेश झाले. आता लांडगे मोजायला लावता का आमाला?"
म्हणालो, "गुरुजी, लांडगे ऑनलाइन भरायचे न्हाईत. घाबरू नका."
हसले सगळे. हसले की पुढचा तासभर बरा जातो.

मग माझा नकाशाचा तास. मुलांनी आपल्या शिवाराचा नकाशा काढायचा, कोणतं जनावर कुठं राहतं ते त्यात दाखवायचं. फळ्यावर नमुना काढला. शाळा, तळं, बाभूळ, मोर. सगळ्यांनी मोबाइलवर फळ्याचा फोटो घेतला. वहीत एकानंही काही लिहिलं नाही. मेंढरामागून आलेला दहावी नापास माणूस बी.एड. वाल्यांना शिकवतोय म्हटल्यावर एवढं चालायचंच.

प्रशिक्षणानंतर भरायची प्रश्नपत्रिका जेवणाआधीच भरून झाली होती.

१५ जाने.

नकाशे यायला लागले, फोनवर. झाडून सगळ्यांत तळं. तळ्याकाठी बाभूळ, बाभळीखाली मोर. माझाच फळा, रंग वेगळे. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो तिथंही तळं भरलेलं. एका शाळेनं स्वतःची अक्कल लावून तळ्यात मगर सोडली आहे.

आमच्या वन्यजीव संस्थेचे साहेब हिंगोलीच्या ऑफिसातून: "नामदेवराव, प्रतिसाद उत्तम!"
"उत्तम," म्हणालो.

थकवा अंगात नाही, बोलण्यात आलाय. तीच वाक्यं तोंडातून निघतात आणि मीच ती ऐकत उभा असतो. सोडून द्यावं का. सोडून काय करावं.

१८ जाने., शनिवार

एक नकाशा खरा निघाला.

माळावरच्या दोनशिक्षकी शाळेतल्या रेखा मॅडम पुसेगावच्या स्टँडवर स्वतः आल्या. प्रशिक्षणात पहिल्या बाकावर होत्या, बोलल्या काहीच नव्हत्या. पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "सर, फोटो नीट येईना म्हणून कागदच आणला. पाचवीतली कोमल हाय, तिचा. घरी शेळ्या हायेत, सगळा माळ तिच्या पायाखालचा."

तळं नाही! शाळा एका कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. बाकी सगळा माळ, आणि जागोजागी पेन्सिलीनं:
"टिटवी. जवळ गेलं की डोक्यावर येते."
"खोकड. शेपटी काळी. लाजतं."
"घोरपड इथं होती. आज्यानं खाल्ली."
आणि ओघळीच्या काठाला, वाकड्या निंबापासून तिसऱ्या वळणावर: "लांडगीण. पिल्लं ४. आवाज बारीक."

आवाज बारीक. चाळीस पदवीधरांना आवाज लिहायचं सुचलं नाही.

बसमध्ये बसल्या बसल्या फोटो काढला, तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: याला म्हणतात काम. तळं नसलं तरी चालतं. हिंगोलीला पोचेपर्यंत अंगठेच अंगठे. किती दिवसांनी बरं वाटलं.

२० जाने.

साहेबांना नकाशा फार आवडला. सव्वीस जानेवारीला त्याचा मोठा फ्लेक्स करायचा म्हणतात. "ग्रामीण मुलांची निरीक्षणशक्ती" असा मथळा. मी हो म्हणालो.

२१ जाने.

दादाचा फोन. थोरला भाऊ. त्याच माळाच्या कडेला, आमच्या वाडीला, अजून मेंढ्या राखतो, मी पंधराव्या वर्षी सोडल्या त्याच.

"नाम्या, तुझ्या शाळेचा कागद पाह्यला."
"कोणता?"
"लांडगिणीचा. गावच्या ग्रुपवर आलाय. त्या गुरुजीनं टाकला, कोणी टाकला, मला काय ठाव. आमी दिवाळीपासून हुडकून राहिलो, अन् ह्या लेकरानं रंगपेटीनं दावलं. बराबर काढलंय हां. वाकडा निंब, तिसरं वळण."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"ऐकतो का न्हाई?"
ऐकत होतो. मागं वहिनी भाकरी थापत होती, कोणीतरी हसलं, कोणीतरी "पहार" म्हणालं.

२२ जाने.

वाडीला गेलो. ग्रुपवरचा फोटो आधीच काढून टाकला, पण गावच्या ग्रुपवरचा कसा काढणार.

दादा वाड्यात मेंढ्यांचे खूर बघत होता. शेजारचे तिघे-चौघे मेंढपाळही होते, शिवा त्यात. महिन्यात दादाची चार कोकरं गेली. शिवाची दोन. पंचनामा करावा म्हटलं तर दाखवायला काही उरत नाही, ती उचलून नेते.

म्हणालो, दादा, पिल्लं हायेत.
"म्हणूनच तर. पिल्लं मोठी झाली की पाच तोंडं होतील."
"ते जनावर संपत आलंय."
"कोकरं बी संपत आली. माझ्या मेंढीला सांग तुझं प्रशिक्षण. बस तिच्यापुढं, दाव बॅनर."
शिवा हसला. मलाही हसू आलं, काय करणार. दादा दुष्ट नाही. त्या वाड्यात मी असतो तर मीही तेच बोललो असतो.

ठरलंय त्यांचं. पुढच्या बुधवारी अवस. त्या दिवशी गावात औत धरत नाहीत, माणसं मोकळी असतात. बीळ दगडांनी बुजवायचं. धूर नको, पाप लागतं, नुसते दगड. धुराला पाप आणि दगडाला नाही, हे कोणी ठरवलं कोण जाणे. आमचे वडील, आबा, असतानाही असंच होतं.

निघताना वहिनी बाहेर आली. "भाऊजी, ती बी लेकुरवाळीच हाय व्हो. पण ह्यांच्यापुढं मी काय बोलू. कोकरू गेलं की दोन दिवस जेवत न्हाईत."

२३ जाने.

तीन कामं.

एक. फ्लेक्स थांबवला. साहेबांना म्हणालो, नकाशात लिहिलंय आज्यानं घोरपड खाल्ली. घोरपड मारणं गुन्हा आहे. व्यासपीठावर वनखात्याचे अधिकारी असतील, आणि मागं फ्लेक्सवर आपणच लिहून दिलेला कबुलीजबाब. साहेबांचा आवाज एकदम बसला. "नको नको, तो मोराचाच घ्या." घेतला. मगरवाला दिला.

दोन. वनरक्षकाचा नंबर काढून बसलो. चांगला माणूस आहे, ओळखतो मला. सांगितलं तर येईल. आला तर पहारेसकट दादाच सापडेल. गुन्हा, तारखा, म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या. नंबर स्क्रीनवर होता, अंगठा त्यावर. ठेवून दिला.

तीन. रेखा मॅडमना फोन. म्हणालो, कोमलला काही दिवस ओघळीकडं जाऊ देऊ नका.
"काहून सर? तुमीच सांगितलं नं, रोज नोंद ठेवा. तिनं वही केलीया वेगळी."
"लांडगीण पिल्लांपाशी असते तेव्हा चिडकी असते."
"ती लांबूनच पाहते सर. दोनशे पावलांवरून. तुमीच सांगितलं होतं."
"तरी."
"बरं, सांगते."
खरं सांगितलं नाही. तुमच्या वर्गातल्या मुलीच्या नकाशावरून आणि माझ्या मोठेपणावरून पिल्लं मरणार आहेत, हे फोनवर कसं सांगायचं. समोरासमोर तरी कसं.

२६ जाने.

झेंडावंदन. मगरीच्या नकाशाला टाळ्या. एका गुरुजींनी विचारलं, मगर कोणत्या गावची? म्हणालो, पाहुणी आहे.

एक विचार डोक्यात येऊन राहिलाय. माणसाचा वास जवळ आला की लांडगीण जागा बदलते. एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं नेते. बुधवारच्या आत तिनं जागा सोडली तर दगड पडूदेत रिकाम्या बिळावर.

२७ जाने., सोमवार

गेलो ओघळीला. शाळा सुटल्यावरची वेळ, ऊन कललेलं. तीन दिवस अंगात घातलेला शर्ट. विडी सोडून सात वर्षं झाली, पण पुसेगावात बंडल घेतलं. बिळापासून चार हातांवर जाऊन बसलो. विडी पेटवली, खोकलो, मोठ्यानं बोललो. काय बोलायचं सुचेना म्हणून प्रशिक्षणाचं भाषण म्हटलं. "शिक्षक बंधू-भगिनींनो, वन्यप्राणी आपले शेजारी आहेत." आत कुईकुई झाली, मग एकदम चिडीचूप. भाषणाचा असा परिणाम आजवर कुठं पाहिला नव्हता.

पलीकडच्या उंचवट्यावर ती उभी होती. हलेना. माझ्याकडं बघत. बरं, म्हटलं, घेतला वास. शर्ट काढून बिळाच्या तोंडाशी टाकला आणि नुसत्या बनियनवर बसून राहिलो.

मागून आवाज. "सर, तुमी इतकं जवळ बसू नका."

कोमल. हातात काठी, मागं शेळ्या. पहिल्यांदाच पाहिली. बारकीच आहे, वेणी अर्धी सुटलेली. मला ओळखते, मॅडमनं तिला माझा फोटो दाखवला असणार.

"ती पिल्लांना पाजायला येणार न्हाई मग. उठा."
उठलो.
"अन् विडी. वास जातो ना."
विझवली. काय सांगणार होतो. म्हणालो, "विसरलो गं."
"तुमी विसरल्यावर कसं?" रागावून नाही, खरंच विचारलं. मग मला बरोबर चालवत पार निंबापर्यंत आणलं, शेळीला आणावं तसं. तिथं थांबून म्हणाली, "मी कोणाला सांगितलं न्हाई बरं का. घरी बी न्हाई. आज्याला तर न्हाईच. नुसतं नकाशात काढलं. तो तर शाळेतला हाय."

मी शेळ्यांकडं बघत राहिलो.

स्टँडकडं अर्ध्या वाटेत आलो तर मागून पळत आली. धापा टाकत. "सर, शर्ट राहिला तुमचा. तिथं काही टाकू नये." झटकून, घडी करून दिला हातात.

२८ जाने.

वसमतला प्रशिक्षण, आधीच ठरलेलं. हळदीवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता अडलेला, पोचायला उशीर. तीस अंगणवाडीताई. आज नकाशाचा तास घेतला नाही. पक्ष्यांचे आवाज काढून दाखवले, ताया खूश. एक म्हणाली, "सर, तुमाला कोकिळेनं पाळलं की काय?" सगळ्या खिदळल्या. मीही.

जेवणाच्या सुट्टीत दादाला फोन. एवढंच म्हणालो, आठ दिवस थांबा.
"आठ दिवसांनी काय होईल?"
"ती जागा बदलेल."
"अन् कोणत्या पोरीच्या नकाशात सापडंल?" मग आवाज खाली आणून, "नाम्या, उद्या तूच ये. तुला ऐकू येतं. आत किती हायेत, हायेत का न्हाईत, तू सांगशील. उगा खाली बिळावर दिवस नको जाया."

हे इथं लिहून ठेवतो, कुठंच कधी बोललो नाही. लहानपणी आबा मला ह्याच कामाला न्यायचे. बिळाला कान लाव, सांग. मी सांगितल्याशिवाय पहिला दगड पडत नसे. पाच वेळा की सहा. शाबासकी म्हणून गुळाचा खडा. लोक विचारतात, नामदेवराव, पाखरांचे आवाज इतके बारीक कसे ओळखता, कुठं शिकला? रानात, म्हणतो.

२९ जाने., अवस

गेलो. नाही गेलो असतो तर त्यांनी न ऐकताच बुजवलं असतं.

सकाळचे नऊ. दादा, शिवा, आणखी दोघं. पहार, दगडांचा ढीग आधीच केलेला. मला पुढं घातलं. पालथा पडलो, कान लावला. माती गार.

होती. चारही. एक झोपेत चुरूचुरू चोखत होतं, आई नसताना. एक दुसऱ्याच्या अंगावर चढत होतं, खालचं कुरकुरत होतं. शर्टाचा, विडीचा, भाषणाचा काही उपयोग झाला नाही. ती गेलीच नव्हती.

उठलो. गुडघे झाडले. म्हणालो, "रिकामं हाय."
"नीट ऐक," शिवा म्हणाला.
"ऐकलं. गेली घेऊन."
"तरी बुजवून टाकू की. पुन्यांदा नको याया."
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या खोटं बोलण्यानंच मरत होती ती. शिवानं दगड उचलला.

दादा माझ्याकडं बघत होता. माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. दगड अडवायला हात अर्धा उठला होता, ते मला त्यानं बघितल्यावर कळलं.

"ठेव रे," तो शिवाला म्हणाला. "रिकाम्या बिळात दगडं भरत बसाया रिकामा हाय का मी? उद्या दुसरीकडं उकरंल ती. माझा भाऊ न्हाई म्हणतो म्हणजे न्हाई. चला, मेंढ्या खोळंबल्या."

आणि चालायला लागला. चौघंही गेले. वाटेत दादा एकच बोलला, तेही माझ्याकडं न बघता. "आबा होते तवा तू कधी चुकला न्हाईस."

वहिनीनं जेवायला थांबवलं. दादा माझ्या ताटात भाकरी वाढत राहिला, नको म्हटलं तरी.

३१ जाने.

साहेबांना पुढच्या वर्षीचा आराखडा पाहिजे. नकाशा उपक्रम सर्व तालुक्यांत. लिहायला बसलो, दोन ओळी झाल्या. दादाचं कोकरू आज-उद्या जाणारच. तेव्हा तो काय करील. मी काय म्हणेन.

रेखा मॅडमना सगळं सांगायला पाहिजे होतं, आज तरी. उद्या सांगतो.

१ फेब्रुवारी

नाही सांगितलं. गावाहून पाहुणे होते. निमित्तच ते.

३ फेब्रु., सोमवार

वाडीकडं निघालेल्या बसमध्ये लिहितोय, अक्षर हलणार.

सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर रेखा मॅडम. कोमलचा नवा कागद, नवे रंग. "सरांच्या मार्गदर्शनाने नोंदी सुरूच आहेत." ओघळीपाशी लिहिलंय: "बुधवारी माणसं आली होती. पाय ५ जणांचे. एक जण पालथा झोपला होता. दगड आणले पण टाकले न्हाईत. पिल्लं ४, आता बाहेर खेळतात."

टाकून तासही झाला नाही आणि वहिनीचा फोन. दादाचा नाही, वहिनीचा.
"भाऊजी, ते शिवा अन् ते दोघं येऊन गेले दारात. मोबाइल दावला. म्हणत होते, बापूराव, तुमच्या भावाला ऐकू येत न्हाई वाटतं, का तुमालाच दिसत न्हाई? हसून राहिले होते. अन् वाड्यातलं एक कोकरू बी न्हाई आज."
"दादा काय म्हणाला?"
"चहा तसाच टाकला. पहार घेतली अन् गेले."
"तिघांबरोबर?"
"एकलेच. त्यांना म्हणले, माझ्या मागं कोणी येऊ नका."
"कशाला गेला, बोलला का?"
"मला सांगतात व्हय कधी?"

दादाचा फोन लागतो, उचलत नाही.

बस नरसीला थांबली आहे. भाविक उतरतायत, चढतायत, कंडक्टर एका म्हातारीशी प्रसादाच्या पिशवीवरून वाद घालतोय. इथून रेखा मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. ग्रुपवरचा फोटो, दादा, अवस, मी पालथा पडलो ते, खोटं बोललो ते.

मग म्हणाल्या, "सर, हे आधीच सांगितलं असतं तर आज कागद टाकलाच नसता मी. कोमलनं बी काढलं नसतं. पाचवीत हाय, पण कळतं तिला. आपल्याला वाटतं कळणार न्हाई."
"चुकलो, मॅडम."
"तुमी कुठं हायेत?"
"नरसीला. तास लागेल अजून."
"ओघळ मला चालत पंधरा मिनिटं."
"एकट्या जाऊ नका. दादा तसा... काही करणार न्हाई तुमाला, पण."
"एकटी कशी जाईन? दुसरे सर रजेवर हायेत. शाळा कोणावर सोडू?"

कळेना काय म्हणतात ते. मग फोन तसाच बाजूला ठेवून त्यांनी हाक मारलेली ऐकू आली. बाक सरकले. चपला. "दोन दोनच्या ओळी. कोणी बोलायचं न्हाई. कोमल, तू पुढं." एकोणीस पोरं आहेत त्या शाळेत.

नको म्हणायला पाहिजे होतं. कुठल्याही पुस्तकात नको असंच लिहिलंय, मीच शिकवतो. एकोणीस लेकरं, उघडा माळ, पिल्लांवरची लांडगीण, आणि चार वर्षांच्या पोरासारखा अपमान झालेला माझा भाऊ, हातात पहार. त्यांना बघून तो थांबेल, का त्यांच्या देखत करेल, का तो तिकडं गेलाच नसेल आणि ही सगळी फौज पाहून लांडगीणच... काहीच सांगता येत नाही.

फोन चालूच होता. बराच वेळ नुसते पाय वाजत होते, वाळलेल्या गवतातून. मी नको म्हणालो नाही.

कंडक्टरनं आत्ता घंटी दिली.